छातीइतकी भिंत

परवा माझ्या मुलाच्या बोईसरच्या नव्या फ्लॅटमध्ये सजावटवाला आला होता. तरणा पोरगा, अंगाला अत्तराचा वास, मोबाईलमध्ये शेकडो फोटो. हॉलच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "काकू, इथं कमरेच्या जरा वरपर्यंत लाकडी वेनस्कॉटिंग करू या. वर नुसता रंग. एकदम क्लासिक दिसतं." मी चहाचा कप बशीत इतक्या जोरात ठेवला की सून दचकली. म्हटलं, "करायचं तर छतापर्यंत कर, नाहीतर चालता हो." पोरगा बिचारा माझ्या मुलाकडे बघायला लागला आणि मुलगा मला समजावायला लागला की मागे पक्की भिंत आहेच, हे फक्त शोभेचं असतं. शोभेचं असतं हे मला शिकवतोय! वेनस्कॉट हा शब्द मी त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, घिवलीला आमच्या घरात ऐकला होता, आणि त्या शब्दानं आमच्या घरातल्या दोन बायकांची काय दशा केली ती मी अजून विसरलेले नाही. माझा राग जुना आहे. लोणच्यासारखा मुरलाय.

आमचं घर किनाऱ्यापासून हाकेवर. बाबांची होडी, आमचं डोलीचं जाळं, दाराबाहेर बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्या बोंबलांवर टपलेले कावळे. पुढं ओटी, मग पुढचं घर, म्हणजे पुढची खोली, तिथं पाव्हणेरावळे बसायचे, जाळी विणली जायची, बाबांचे सोबती पत्ते कुटायचे. त्याच्या मागं आमचं, म्हणजे आयचं आणि माझं घर. या दोन घरांच्या मध्ये विटा-मातीची भिंत नव्हतीच. माझ्या आज्याची होडी म्हातारी झाली तेव्हा त्यानं ती किनाऱ्यावर ओढली, सुताराला हाताशी घेऊन मोडली, आणि तिच्या सागवानी फळ्या उभ्या ठोकून जमिनीपासून थेट वाश्यांपर्यंत ही आडभिंत केली. लाकूड वाया घालवायचं नाही, एवढाच त्यातला विचार. फळ्या मधोमध जराशा फुगीर होत्या, होडीचं पोट त्यांना विसरता आलं नव्हतं. बाहेरच्या अंगाला वर्षानुवर्षं माशाचं तेल पाजलेलं, त्यामुळे त्या काळ्याभोर झाल्या होत्या आणि पावसाळी हवेत त्यांना एक उग्र वास सुटायचा. आम्हाला तो वास म्हणजे घराचा वास. त्या भिंतीला घरात सगळे 'होडी'च म्हणायचे. "कोयता होडीमागं हाय," "पाव्हणे आलेत, होडीआड जा," असं सर्रास चालायचं, आणि त्यात कुणाला काही गंमत वाटायची नाही.

होडीच्या मागं माझं राज्य होतं. मी मॅट्रिकला होते. आमच्या आळीत मॅट्रिकपर्यंत आलेली मी पहिली मुलगी, आणि हे माझ्या हुशारीमुळे नव्हे तर आयच्या हट्टामुळे. सकाळी ती मावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघायच्या आधी भाकऱ्या थापायची, जवळ्याची चटणी वाटायची आणि मला म्हणायची, "पोरी, तू होडीआड बस. कोनी हाक मारली तरी उठू नको." त्या फळ्यांना जुन्या खिळ्यांची भोकं होती. त्यांत मी कागदाचे बोळे कोंबले होते. पलीकडं पत्त्यांचे डाव रंगायचे, भांडणं व्हायची, बाबांचं खोकल्यासारखं हसणं ऐकू यायचं. पण मी दिसत नसे, म्हणून कुणाला आठवत नसे. दिसत नसलं की मुलीला काम सांगायचं सुचत नाही. हे शहाणपण मला तेव्हाच आलं होतं आणि पुढं सबंध आयुष्यात ते कधी खोटं ठरलं नाही.

तारापूरला तेव्हा कारखान्यांमागून कारखाने उठत होते. त्यातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या शेठनं केळव्याला, सुपारीच्या वाडीत, बंगला बांधायला काढला होता. त्या बंगल्याची सजावट करणारा एक दाढीवाला मुंबईहून यायचा. एके दिवशी तो आणि शेठ जीपमधून ताजी पापलेटं घ्यायला घिवलीला आले. बाबांनी पापलेटं दिली आणि कौतुकानं घरी आणलं. आय बाजारात होती. मी चहा टाकला. दाढीवाला पुढच्या घरात शिरला आणि आमच्या होडीसमोर देवापुढं उभं राहावं तसा उभा राहिला. फळीवर हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं, नाक लावून वास घेतला. मग शेठला म्हणाला, "हेच. मी म्हणत होतो ते हेच."

बाबांना खुर्चीवर बसवून त्यानं सगळं समजावून सांगितलं. मी चहा देत होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला. विलायतेत मोठ्या घरांच्या भिंतींना खालच्या बाजूनं लाकूड मढवतात, त्याला वेनस्कॉट म्हणतात. शब्द मूळचा विलायतेच्याही पलीकडच्या मुलखातला, अर्थ गाडीच्या फळ्या. उत्तम ओकच्या त्या फळ्या जहाजातून विलायतेला यायच्या. आधी ते त्या लाकडाचं नाव होतं. मग त्या लाकडानं लोक भिंती मढवायला लागले, गाडी विसरली गेली, नाव तेवढं भिंतीला चिकटलं. "त्यांची गाडी, आपली होडी!" असं म्हणून तो स्वतःवरच खूष होऊन हसला. "शेठच्या दिवाणखान्याला मी होडीच्या फळ्यांचं वेनस्कॉट करणार."

मला त्या वयातही तो शब्दाचा प्रवास आवडला, खोटं का बोलू? गाडीच्या लाकडाचं नाव भिंतीला लागतं तसं आमच्या भिंतीला होडी म्हणतात, हे मनात आलंच. पण मग तो म्हणाला, "या फळ्या मला द्या. त्या बदल्यात माझे कारागीर तुम्हाला नवीकोरी प्लायवूडची करून देतील, वर सनमायका लावून. चकाचक." आणि बाबांचे डोळे चमकले. कुणी काही मागितलं की बाबांना नाही म्हणता यायचं नाही. गावभर त्यांच्या या दिलदारीचं कौतुक व्हायचं. घरातल्या बायकांनी काही मागितलं की मात्र ते नाही म्हणायला चांगलं शिकलेले होते. मी म्हटलं, "बाबा, आयला इचारा आधी." बाबा म्हणाले, "तू गप. बाईमानसाला काय कळतं लाकडातलं?" आणि मग छाती काढून त्या दाढीवाल्याला म्हणाले, "पन एक हाय. शेठच्या बंगल्यात जशी लावनार तशीच आमाला पायजे. उन्नीस-बीस नाय चालनार." शेठ हसले. दाढीवाल्यानं मान डोलावली. "अगदी तशीच करू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आय बाजाराला गेली आणि तिच्या पाठोपाठ टेम्पो आला. आयला अजून काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी तिला सांगितलं नव्हतं आणि मला दम दिला होता. दोन कारागिरांनी होडी उपटली. फळी निघाली की मागचे खिळे किंचाळायचे. माझे कागदाचे बोळे जमिनीवर पडले, मी ते वेचत बसले. मग त्यांनी प्लाय कापलं, खाली पट्टी, वर नक्षीची गोलसर पट्टी, मध्ये चौकटी, वर तपकिरी सनमायका, आणि थांबले. भिंत माझ्या छातीला लागत होती. मी वाट बघितली. ते हत्यारं भरायला लागले तेव्हा मी विचारलं, "बाकीचं कधी?" कारागीर म्हणाला, "हो गया, बिटिया. साहब ने इतना ही नाप दिया है. सेठ के यहाँ भी इतना ही है." मी बाबांकडं बघितलं. त्यांनाही धक्का बसला होता हे मला दिसलं. पण शेठकडं आहे तशीच पाहिजे हे त्यांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं, आता कारागिरापुढं माघार कशी घेणार? ते त्या सनमायकावरून हात फिरवत म्हणाले, "झ्याक झाली. हवा खेळंल."

हवा खेळंल! इतकी वर्षं झाली, हे दोन शब्द आठवले की अजूनही कपाळाची शीर उडते. शेठच्या बंगल्यात त्या लाकडामागं पक्क्या विटांची भिंत होती, छतापर्यंत. आमच्या घरात त्या लाकडामागं आम्ही होतो. हे त्या दाढीवाल्याला दिसलं नसेल? आत वाळत घातलेली आयची लुगडी, माझं दप्तर, आमची वळकटी, हे सगळं त्यानं मधल्या बिनदाराच्या वाटेतून पाहिलंच की. पण तो लाकूड बघायला आला होता. आणि बाबांना दिसलं नसेल? त्यांना दिसलं, पण कबूल करण्यापेक्षा आम्ही वाकून जगलेलं त्यांना परवडलं.

आय संध्याकाळी आली. रिकामी पाटी खाली ठेवली, घामेजलेलं तोंड पदरानं पुसलं आणि उंबऱ्यातच थबकली. ओरडली नाही. हळूहळू चालत त्या भिंतीपाशी गेली, तिच्या कडेवर हात ठेवला आणि पलीकडं, आपल्याच अंथरुणाकडं बघितलं. मग म्हणाली, "होडी कुठं हाय?" बाबांनी सांगितलं. विलायतेची फॅशन, शेठचा बंगला, सगळं सांगितलं. आय ऐकून घेऊन म्हणाली, "गुरांच्या गोठ्याला असती गव्हान, तेवढी ही. गुरांना पन वर भिंत असते." बाबा भडकले, मोठ्यानं बोलले, बाहेर निघून गेले.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. आम्ही दोघी जमिनीवर बसून कपडे बदलायला शिकलो. उभं राहून लुगडं नेसणारी बाई ती, सबंध बाजाराला एका आवाजात गप्प करणारी, आता स्वतःच्या घरात उकिडवी बसून निऱ्या घालायची. आयनं दोरी बांधून वर चादर टांगली, तर येणाऱ्याजाणाऱ्याला नवी भिंत दिसावी म्हणून बाबा ती बाजूला सारायचे. आणि माझा अभ्यास! पत्ते खेळणारे पाणी प्यायला उठले की थेट माझ्या वहीत डोकावायचे. "काय गो कुंदा, कलेक्टर होनार काय?" "अगो, जरा चाय टाक, तू बसलीच हायस." दिसत होते, म्हणून काम सुचत होतं. भूमितीचं एक प्रमेय घेऊन बसले की चारदा उठावं लागायचं. परीक्षा तोंडावर आली होती. एक दिवस काका त्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून, पानटपरीवर उभं राहावं तसे उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "नापास व्हायच्या आधी लगीन करून टाक. वाणगावला एक पोरगा हाय." बाबा नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, आपलं सगळं आयुष्य या लाकडाच्या कडेपाशी येऊन संपलं. मी रडले नाही.

आयनं हे ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी होड्या आल्या तेव्हा ती किनाऱ्यावर गेलीच नाही.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात होडी पुरुषाची, पण मावरं वाळूला लागलं की ते बाईचं. निवडायची ती, भाव करायची ती, बाजारात विकायची ती. पुरुषानं पाटी घेऊन बाजारात बसायचं म्हणजे हसं. सगळ्या बायका गुडघाभर पाण्यात पाट्या घेऊन उभ्या, आणि आमच्या होडीसमोर कुणीच नाही. बाबांनी मला पिटाळलं, "आयला बोलव." आय ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "जा, सांग, मावरं आनलं त्यांनीच इकावं." बाबांनी काकूला विचारलं. काकू म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं मावरं मला पुरं झालं." दुसरीला विचारलं, तिची कंबर दुखत होती. तिसरीची पाटी फुटली होती. आळीतल्या कुठल्याही बाईला आयनं काही सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांनी आमची ती भिंत येऊन बघितली होती.

शेवटी बाबा स्वतः बोईसरच्या बाजारात जाऊन बसले. ते दृश्य मी पाहिलं नाही, पण काकूनं इतक्यांदा करून दाखवलं की पाहिल्यासारखंच आहे. भर समुद्रात वाऱ्याच्या वरताण हाका मारणारे बाबा तिथं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की द्यायचे, नाही म्हणता येईना. कारखान्यातल्या परगावच्या कामगारांनी "क्या चाचा, चाची मायके गई क्या?" असं विचारलं, आणि मावरं विकणाऱ्या बायकांची सबंध रांग पदर तोंडाला लावून हसली. उरलेले बोंबील घेऊन, कुबट वास घेऊन बाबा घरी आले. आयनं जेवायला वाढलं, अगदी व्यवस्थित, कालवण आणि भाकरी. मग म्हणाली, "भिंत आना. मग मी मावरं उचलते." बाबांनी ताट लोटलं. आय पुन्हा म्हणाली, "माझ्यासाठी नको. माझं अर्धं आयुष्य वाकूनच गेलं. पोरीला सरळ बसू द्या."

आणखी काही दिवस ताणलं त्यांनी. मग एक दिवस भरतीला होडी पाण्यात लोटली, जाळं न घेता. काका बरोबर होते, त्यांनीच नंतर सांगितलं. बाबा समुद्रातून थेट केळव्याला गेले आणि ओल्या पायांनी शेठच्या दिवाणखान्यात उभे राहिले. आमच्या होडीच्या फळ्या तिथं भिंतीला लागलेल्या होत्या, घासून, पॉलिश करून, कमरेच्या जरा वर, सगळ्या एका मापाच्या. परत द्या म्हटल्यावर दाढीवाला हसला. व्यवहार झाला, म्हणाला. मग बाबांनी विचारलं, "वरच्या कुठं हायत? आमच्या फळ्या वाश्यांपर्यंत होत्या." त्या कापून टाकल्या होत्या. बंगल्यामागं, आंघोळीच्या बंबाशेजारी त्यांचा ढीग होता आणि त्यातल्या काही जळूनही गेल्या होत्या. रखवालदार म्हणाला, "ले जाओ, वैसे भी बास मारती है." बाबांनी आणि काकांनी तो ढीग होडीत भरला. सजावटीचं शिक्षण घेतलेल्या माणसाला जुन्या फळीचा निम्मा भाग सौंदर्य वाटतो आणि निम्मा सरपण. पुढं बँकेत नोकरीला लागल्यावर मी वाचनालयात एक जाडजूड कोश काढून तो वेनस्कॉट शब्द मुद्दाम शोधला. पहिला भाग गाडीचा, हे बहुतेकांना मान्य. दुसऱ्याबद्दल विद्वान चाचपडतात, पण काहींच्या मते त्याचा अर्थ आडभिंतच. मी वाचनालयात मोठ्यानं हसले. त्या शहाण्यानं आम्हाला अर्धाच शब्द सांगितला होता.

बाबांनी ते तुकडे स्वतः ठोकले. खाली तपकिरी सनमायका, वर काळ्या, तेलकट, ओबडधोबड फळ्या. काही जळून गेल्यामुळे कमी पडल्या तिथं जुनं डालडाचं पत्र्याचं डबडं उघडून लावलं. इतकी कुरूप भिंत मी आजवर पाहिलेली नाही. पण ती वाश्यांना टेकली. लोक म्हणतील, बाबा किती बदलले, किती चांगले. माझ्या मुलालाही असंच वाटतं. मी म्हणते, त्यात काय चांगलं? स्वतः केलेली घाण स्वतः निस्तरली, तीही बोंबील सडायला लागले तेव्हा. मला त्यांची दया आली नाही आणि आजही येत नाही.

हातोडा खाली ठेवून, कपाळाचा घाम पुसत बाबा म्हणाले, "झालं ना आता? उद्या तरी मावरं उचल."

आयनं भिंत खालून वर बघितली. मग जिथं नुसतं जायला-यायला मोकळं होतं, आजपर्यंत कधी फळकुटही नव्हतं, त्या जागेकडं बोट केलं. "हितं दार लावा. आतनं कडी."

"घरात कडी? कोनापासून?"

"इचारून यायची सवय लागंल."

बाबा हातोडा उचलून बाहेर गेले आणि उरलेल्या प्लायचं दार करून त्यांनी लावलं. आय दुसऱ्या सकाळी पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली, सगळं मावरं विकून आली, आणि संध्याकाळी मला आत घेऊन कडी घातली. मी भूमिती काढली. ती पलीकडं पाय पसरून, पाठ सरळ करून बसली. कितीतरी वेळानं दारावर बोटं वाजली. दुसऱ्याच कुणाच्या घरी आल्यासारखा बाबांचा आवाज आला, "आत येऊ काय गो?"

आयनं माझ्या वहीकडं बघितलं, आणि दाराकडं मान न वळवता म्हणाली, "नको. पोरीचा अभ्यास चाललाय."